अण्णांच्या फ्लो सायटोमेट्रीच्या रिपोर्टवर ‘सीडी१९ : ९१ टक्के’ लिहिलंय, म्हणजे नक्की काय?

प्रीतिसंगम_कराड (१६ मार्च, रात्री ११.४०)

नमस्कार. मी कराडजवळच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. माझे वडील, अण्णा, ६८ वर्षांचे आहेत. एसटीत ३१ वर्षं चालक होते. सर्दी-पडशापलीकडे कधी दवाखाना माहीत नाही. फेब्रुवारीत उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, त्यासाठी रक्त तपासलं आणि तिथून सगळं सुरू झालं.

पांढऱ्या पेशी ६२,४०० निघाल्या. लॅबवाल्या मुलाला वाटलं मशीन चुकलं, म्हणून दुसऱ्या दिवशी परत रक्त घेतलं, तर ६१,९००. त्यातल्या ८४ टक्के लिम्फोसाइट. हिमोग्लोबिन १२.६, प्लेटलेट १,७८,०००. काचपट्टीच्या रिपोर्टवर ‘स्मज पेशी भरपूर’ असं लिहिलं होतं. डोळ्याच्या दवाखान्यात बाहेरच्या बाकावर, चारचौघांत, अण्णांच्या तोंडावर सांगितलं गेलं, “रक्ताचा कॅन्सर दिसतोय, ऑपरेशन आता विसरा.” अण्णा काही बोलले नाहीत. येताना गाडीत खिडकीकडे तोंड करून बसले होते.

नंतर आम्ही रक्तविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी मान, काखा, पोट नीट चाचपलं. मानेत डाव्या बाजूला दोन आणि काखेत एक अशा शेंगदाण्याएवढ्या गाठी आहेत, प्लीहा हाताला लागत नाही, असं म्हणाले. मग फ्लो सायटोमेट्री झाली. रिपोर्ट समोर ठेवून लिहितेय: सीडी१९ पॉझिटिव्ह ९१ टक्के, सीडी५ पॉझिटिव्ह, सीडी२३ पॉझिटिव्ह, सीडी२०० पॉझिटिव्ह, सीडी२० मंद, सीडी७९बी मंद, पृष्ठभागावर कॅपा मंद, लॅम्डा निगेटिव्ह, एफएमसी७ निगेटिव्ह, सीडी१०, सीडी१०३ आणि सीडी२५ निगेटिव्ह, सीडी३८ १२ टक्के. खाली निदान लिहिलंय, क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे सीएलएल.

डॉक्टर म्हणाले, आत्ता औषध नको, तीन महिन्यांनी या. हेच आमच्या घरात कुणाच्या गळी उतरत नाहीये. कॅन्सर आहे आणि औषध नाही? थोरला भाऊ म्हणतो, डॉक्टरांनी आशा सोडली म्हणून असं बोलतात, आपण ओढ्याकडचा तुकडा विकून मुंबईला जाऊ. आई ९१ टक्के वाचून म्हणाली, “म्हणजे नऊच टक्के रक्त चांगलं उरलंय.” मला तिला उत्तर देता आलं नाही.

दुसरं म्हणजे, सीडी५ हा टी पेशींचा मार्कर, म्हणजे ओळखखूण, असतो असं वाचलं (बी आणि टी हे लिम्फोसाइटचेच दोन प्रकार). मग अण्णांच्या बी पेशींवर तो कसा? दोन रोग एकदम झालेत का? कुणाला नीट माहिती असेल तर कृपा करून सांगा. खोटा धीर नको.

---

विटा_७७ (१७ मार्च, सकाळी ७.०५)

ताई, घाबरू नका. माझ्या मेहुण्यालाही क्रॉनिक ल्युकेमियाच आहे. २०११ पासून रोज इमॅटिनिबची एक गोळी घेतो, द्राक्षबाग सांभाळतो, काही त्रास नाही. तुम्ही डॉक्टरांना तीच गोळी मागा. औषध नाही असं कसं म्हणतात?

---

जांभळं_झाकण (१७ मार्च, दुपारी ३.२०)

ताई, मी मुंबईत एका प्रयोगशाळेत २६ वर्षं फ्लो सायटोमेट्रीच्या मशीनपुढे बसले. आता सावंतवाडीला असते. मी डॉक्टर नाही, तंत्रज्ञ होते. उपचाराचं डॉक्टरच सांगतील, पण हा कागद कसा तयार होतो आणि कसा वाचायचा, ते मी तुम्हाला सांगू शकते.

आधी तुमच्या आईंचे ९१ टक्के. त्या एका आकड्यापायी घरंच्या घरं रात्रभर जागलेली मला माहीत आहेत.

अण्णांचं रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतलं असणार. रक्त गोठू नये म्हणून त्यात ईडीटीए असतं. लॅबमध्ये त्यातलं शंभर मायक्रोलिटर, म्हणजे जेमतेम दोन थेंब, एकेका छोट्या नळीत घेतात आणि त्यात रंग जोडलेल्या अँटिबॉडी घालतात. सीडी१९, सीडी५ ही पेशीच्या अंगावरच्या खुणांची नावं. एक अँटिबॉडी सीडी१९ ला चिकटणारी, दुसरी सीडी५ ला, असं. पंधरा-वीस मिनिटं अंधारात ठेवायचं. मग लाल पेशी फोडून टाकायच्या, धुवायचं, आणि उरलेल्या पेशी एकामागे एक अशा लेसरसमोरून सोडायच्या. जिच्या अंगावर जो रंग, तो चमकतो. दर पेशीचा पडद्यावर एक ठिपका उमटतो. हजारो ठिपके पडतात.

त्या ठिपक्यांच्या गर्दीत आम्ही आधी फक्त लिम्फोसाइटभोवती कुंपण घालतो. त्याला गेट म्हणतात. पुढचे टक्के सहसा त्या कुंपणाच्या आतल्या पेशींचेच असतात. म्हणजे अण्णांच्या लिम्फोसाइटपैकी ९१ टक्के बी पेशी आहेत, एवढाच त्याचा अर्थ. निरोगी माणसात बी पेशी दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपास असतात, टी पेशी त्यांच्या कितीतरी पट. लाल पेशी तर या हिशोबात नाहीतच, त्या आम्ही आधीच फोडून टाकलेल्या असतात. आईंना सांगा, अण्णांच्या रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये लिम्फोसाइट आहेत बावन्न हजार आणि लाल पेशी आहेत चाळीस लाखांच्या घरात. त्यांचं हिमोग्लोबिन १२.६ आहे. रक्त आपलं काम करतंय.

कामाचा आकडा वेगळा आहे. ६२,४०० चे ८४ टक्के म्हणजे सुमारे ५२,४०० लिम्फोसाइट, त्यातल्या ९१ टक्के बी, म्हणजे सुमारे ४७,७००. एकाच घराण्यातल्या अशा बी पेशी ५,००० किंवा जास्त असतील आणि तीन महिने टिकून असतील, तर त्याला सीएलएल म्हणतात. त्याहून कमी असतील, गाठीबिठी नसतील, तर त्या अवस्थेचं नावच वेगळं आहे आणि पुष्कळ लोक तिच्यासह आयुष्य काढतात.

‘एकाच घराण्यातल्या’ हे कशावरून? ते कॅपा-लॅम्डा बघा. या प्रथिनांच्या साखळ्या. प्रत्येक बी पेशी अंगावर या दोनपैकी एकच साखळी बाळगते. निरोगी रक्तात दोन्ही प्रकारच्या पेशी मिसळलेल्या असतात, कॅपा थोड्या जास्त. अण्णांच्या पेशी सगळ्या कॅपा, लॅम्डा जवळजवळ नाही. म्हणजे त्या सगळ्या एकाच पेशीची पिलावळ आहेत. पडद्यावर हे न शिकलेल्या माणसालाही दिसतं. निरोगी रक्ताचे ठिपके विरळ, पसरलेले असतात. सीएलएलमध्ये सगळे एकाच जागी घट्ट पुंजका करून बसतात, गुळाच्या खड्याला मुंग्या लागाव्यात तसे.

आता सीडी५. तुम्ही बरोबर वाचलंय, तो टी पेशींवर असतो. अण्णा एसटीतले आहेत म्हणून त्यांना असं सांगा: चालकाचा बिल्ला वेगळा, वाहकाचा वेगळा. इथं चालकाच्याच छातीवर दोन्ही बिल्ले आहेत. माणूस एकच आहे. सीडी१९ हा बी पेशीचा बिल्ला आणि सीडी५ हा टी पेशीचा, आणि सीएलएलची पेशी दोन्ही लावून फिरते. दोन रोग नाहीत. ही त्या रोगाची ओळखखूणच आहे.

पण दोन बिल्ले लावणारा आणखी एक आहे, मँटल सेल लिम्फोमा. तो बहुतेक वेळा जास्त आक्रमक असतो, त्याचे उपचार वेगळे. म्हणून सीडी५ आणि सीडी१९ पाहून आम्ही कधी थांबायचो नाही. मँटलमध्ये सीडी२३ आणि सीडी२०० सहसा नसतात, एफएमसी७ असतो, सीडी२० ठळक असतो. अण्णांचं सगळं याच्या उलट आहे. लंडनच्या डॉ. एस्टेला मातुतेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली पाच मार्करांची गुणपद्धत मांडली, नंतर तिच्यात सीडी७९बी आला. सीडी५ आहे, एक गुण. सीडी२३ आहे, एक. एफएमसी७ नाही, एक. पृष्ठभागावरची साखळी मंद, एक. सीडी७९बी मंद, एक. अण्णांना पाचपैकी पाच. चार किंवा पाच आले की सीएलएल. तीन आले की आम्ही डॉक्टरांना फोन करायचो आणि ११ व १४ या गुणसूत्रांची अदलाबदल झालीय का, ते फिश तपासणीत (गुणसूत्रांमधले बदल रंगानं दाखवणारी तपासणी) बघायला सांगायचो.

निगेटिव्ह आलेल्या ओळी लोक सोडून देतात. त्याही वाचा. सीडी१०३ आणि सीडी२५ हे हेअरी सेल ल्युकेमियाचे. त्या पेशींना सूक्ष्मदर्शकाखाली खरंच केसांसारखे तंतू दिसतात, आणि त्यात क्लॅड्रिबिनच्या एका फेरीनंतर माणसं वर्षानुवर्षं बरी राहतात. सीडी१० मुख्यतः फॉलिक्युलर लिम्फोमासाठी बघतात. या ओळींनी ती दारं बंद केली.

स्मज पेशी म्हणजे काही भयंकर नाही. या पेशी नाजूक असतात, काचपट्टी ओढताना फुटतात आणि डागासारख्या पसरतात. रक्ताच्या थेंबात अल्ब्युमिनचा थेंब मिसळून पट्टी ओढली की त्या कमी फुटतात. मी शिकाऊ मुलींना दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून दाखवायची.

राहिला सीडी३८. हा मार्कर रोगाचं नाव ठरवत नाही, रोगाच्या चालीचा अंदाज देतो. १९९९ साली दोन गटांनी एकाच वेळी एक गोष्ट दाखवून दिली, इंग्लंडमधल्या बोर्नमथचे टेरी हॅम्ब्लिन आणि न्यूयॉर्कमधला निकोलस चिओराझी यांचा गट. सीएलएल दोन चालींचा असतो. ज्या पेशींच्या आयजीएचव्ही या अँटिबॉडी घडवणाऱ्या जनुकात बदल झालेले आहेत, त्यांचा रोग संथ. ज्यांच्यात नाहीत, त्यांचा वेगानं वाढणारा. न्यूयॉर्कच्या गटाला दिसलं की वेगवान रोगात सीडी३८ जास्त असतो. पुष्कळ ठिकाणी ३० टक्के ही रेघ मानतात. अण्णांचे १२ आहेत. चांगलं आहे, पण त्यावर घर बांधू नका. सीडी३८ त्याच माणसात पुढे बदलू शकतो. रंग कोणता वापरला, कुंपण कुठे घातलं, यावरही आकडा हलतो. एकदा विदर्भातले एक शेतकरी आमच्या खिडकीशी आले. हातात तीन लॅबचे तीन कागद: ८, २२ आणि ३५. चार महिन्यांत रोग चौपट झाला असं समजून त्यांनी बैलजोडी विकली होती. त्यांच्या पेशींची संख्या तेवढीच होती, हिमोग्लोबिन तेवढंच होतं. मी त्यांना आत बोलावून पडद्यावर कुंपण थोडं सरकवून दाखवलं, टक्के कसे बदलतात ते. ते बराच वेळ तिथंच बसून राहिले. म्हणून ताई, ओढ्याकडचा तुकडा आत्ता विकू नका, हे मी मनापासून सांगतेय.

मार्कर रोगाचं नाव सांगतात. औषध कधी सुरू करायचं हे त्या कागदावर नसतं. ते अण्णांच्या अंगावर असतं, त्यांच्या हिमोग्लोबिनमध्ये, गाठींमध्ये, वजनात.

विटा_७७ भाऊ, तुमच्या मेहुण्यांना ज्याचा इतका चांगला गुण आला तो सीएमएल, क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. नावातला ‘क्रॉनिक’ सोडला तर फार कमी सारखं आहे. त्यात लिम्फोसाइट नाही, मायलॉइड पेशी वाढतात, आणि तो पृष्ठभागावरच्या मार्करवरून नव्हे तर बीसीआर-एबीएल या जोडजनुकावरून ओळखतात. ज्या गुणसूत्रात ते जनुक तयार होतं ते फिलाडेल्फियात १९६० साली सापडलं, आणि त्याच जनुकाच्या प्रथिनाला अडवणारी इमॅटिनिब २००१ मध्ये बाजारात आली. अण्णांच्या पेशींत ते जनुक नाही, त्यामुळे ती गोळी त्यांच्या उपयोगाची नाही. तुम्ही चांगल्या मनानं सांगितलंत, पण ताई, ती मागू नका.

आणखी एक सांगायचं राहिलं. पुढे कधी नमुना दुसऱ्या गावी पाठवायची वेळ आली तर नळी बर्फावर टाकू देऊ नका. साध्या खोलीच्या तापमानाला, शक्यतो २४ तासांत पोचली पाहिजे. उन्हाळ्यात लोक काळजीनं बर्फात गाडून पाठवायचे आणि आमच्या हाती निम्म्या मेलेल्या पेशी यायच्या.

---

नागपूर_रक्तविज्ञान (१७ मार्च, रात्री १०.१५)

मी रक्तविकारशास्त्राचं पुढचं शिक्षण घेतोय. वरचा प्रतिसाद वाचून मार्करांबद्दल मला काही भर घालायची नाही. ‘औषध का नाही’ एवढ्यावर लिहितो.

लवकर औषध दिल्यानं माणूस जास्त जगतो का, हे डॉक्टरांनी खरोखर तपासून पाहिलेलं आहे. फ्रान्समध्ये सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांच्या चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना लगेच क्लोरँब्युसिल दिलं, निम्म्यांना नाही. १९९८ मध्ये निकाल छापला गेला: आयुष्य वाढलं नाही. पुढे नव्या गोळ्या आल्यावर जर्मन गटानं इब्रुटिनिबबाबत तोच प्रश्न विचारला. रोग वाढायला वेळ लागला, पण लवकर गोळी घेतलेले जास्त जगले असं दिसलं नाही. दुष्परिणाम मात्र पहिल्या दिवसापासून अंगावर. म्हणून ‘तीन महिन्यांनी या’ हा आज उपलब्ध असलेला सर्वांत चांगला सल्ला आहे. तुमच्या डॉक्टरांनी आशा सोडलेली नाही, त्यांनी नियम पाळलाय.

औषध सुरू करायची कारणं ठरलेली आहेत. हिमोग्लोबिन १० च्या खाली किंवा प्लेटलेट एक लाखाच्या खाली घसरू लागणं. प्लीहा बरगडीखाली सहा सेंटिमीटरपर्यंत येणं. दहा सेंटिमीटरची गाठ. सहा महिन्यांत कारण नसताना दहा टक्के वजन घटणं. दोन आठवडे ताप किंवा महिनाभर रात्री कपडे भिजवणारा घाम, आणि त्याला जंतुसंसर्गाचं कारण नसणं. लिम्फोसाइट दोन महिन्यांत निम्म्याहून जास्त वाढणं किंवा सहा महिन्यांच्या आत दुप्पट होणं. यात वाढीचा वेग मोजलाय, नुसता मोठा आकडा कारण म्हणून नाही. या पेशी लहान असतात, त्यामुळे दोन लाखांवर आकडा गेलेली माणसंही रक्त घट्ट झाल्याच्या तक्रारीशिवाय बाहेरच्या विभागात बसलेली मी पाहतो.

तुम्ही सांगितलंत त्यावरून अण्णा राय पद्धतीत, म्हणजे सीएलएलचे शून्य ते चार टप्पे पाडणाऱ्या पद्धतीत, पहिल्या टप्प्यात येतात: गाठी आहेत, प्लीहा वाढलेली नाही, रक्त फार कमी नाही. औषधाची वेळ येईल तेव्हा, सुरू करण्याआधी, फिशमध्ये १७ क्रमांकाच्या गुणसूत्राचा तुकडा गेलाय का, टीपी५३ जनुक बिघडलंय का आणि आयजीएचव्ही कसं आहे, हे तपासल्याशिवाय कुणी औषध लिहीत असेल तर विचारा. आयजीएचव्ही एकदाच केलं तरी चालतं, ते बदलत नाही. १७ ची तूट पुढे नव्यानं येऊ शकते, म्हणून ती दर वेळी औषधाआधी बघायची. १३ क्रमांकाची एकटी तूट निघाली तर ती बातमी चांगली समजा.

एखादी गाठ पंधरवड्यात भराभर वाढली, सोबत ताप आला, रक्तातलं एलडीएच हे एन्झाइम चढलं, तर तीन महिने थांबू नका, त्याच आठवड्यात जा. क्वचित हा रोग रूप बदलून मोठ्या पेशींचा लिम्फोमा होतो.

मोतीबिंदूचं म्हणाल तर प्लेटलेट १,७८,००० आहेत. नुसत्या पांढऱ्या पेशींच्या आकड्यासाठी ते ऑपरेशन थांबवायचं कारण मला दिसत नाही. रक्तविकारतज्ज्ञांकडून तसं पत्र घ्या आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना द्या.

---

डोंबिवलीची_सुमन (१८ मार्च, सकाळी ९.३०)

माझ्या मिस्टरांना २०१६ मध्ये निदान झालं. सात वर्षं एकही गोळी नव्हती. आम्ही काश्मीर बघितलं, मुलीचं लग्न केलं. २०२३ मध्ये काखेत लिंबाएवढ्या गाठी झाल्या आणि हिमोग्लोबिन ९.४ वर आलं, तेव्हा गोळी सुरू झाली.

रिपोर्टबद्दल मला कळत नाही, पण घरातलं सांगते. या पेशी संख्येनं जास्त असल्या तरी कामाच्या नसतात, त्यामुळे जंतूंशी झुंज कमी पडते. आमच्याकडे पहिला फटका नागिणीचा बसला. कमरेपासून पोटापर्यंत फोड, सहा आठवडे शर्ट अंगाला लागू देत नव्हते. नंतर डॉक्टर म्हणाले, लस आधीच घ्यायला हवी होती. नागिणीची नवी लस, जी जिवंत विषाणूची नाही ती, आणि न्यूमोनियाची लस, यांचं तुम्ही आत्ताच विचारा. जिवंत लसी मात्र यांना चालत नाहीत.

डास चावला की यांच्या अंगावर रुपयाएवढी लाल, कडक गांध उठते. मला वाटलं साबणाची ऍलर्जी आहे, तीन साबण बदलले. हा त्याच आजाराचा गुण आहे. मच्छरदाणी लावा.

डोळे पिवळे दिसले, एकाएकी दम लागला, तर लगेच रक्त तपासा. कधी कधी शरीर स्वतःच्याच लाल पेशी फोडायला लागतं, आणि ते अगदी झपाट्यानं होतं.

पुढेमागे गोळी सुरू झाली तर आणखी एक लक्षात ठेवा. इब्रुटिनिबच्या पहिल्या काही आठवड्यांत यांच्या पेशी ७० हजारांवरून सव्वा लाखावर गेल्या. मी रडायलाच लागले. डॉक्टरांनी समजावलं की गाठींत दडलेल्या पेशी रक्तात बाहेर येतायत. काखेला हात लावून बघितलं तर गाठी खरंच विरघळत होत्या. दाढ काढायची होती तेव्हा रक्त जास्त वाहू नये म्हणून ती गोळी डॉक्टरांना विचारून काही दिवस बंद ठेवली होती.

तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. पहिले तीन महिने सर्वांत वाईट जातात.

---

प्रीतिसंगम_कराड (१९ मार्च, रात्री ९.५०)

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. आज जेवणं झाल्यावर मी सगळ्यांना एकत्र बसवलं आणि फळ्यावर शिकवते तसं पाटीवर गोल काढून दाखवलं. लाल पेशी चाळीस लाख, लिम्फोसाइट बावन्न हजार. आई म्हणाली, “मग तो कागद असा का लिहितात?” भावानं जमिनीचा विषय काढला नाही.

बिल्ल्याचं ऐकून अण्णा पहिल्यांदा बोलले. म्हणाले, “आमच्या डेपोत एकजण होता, दोन्ही परीक्षा पास झालेला. लोक कमी पडले की त्याला कुठंही टाकायचे.” मग स्वतः उठून रिपोर्ट घेतला आणि चष्मा लावून सीडी५ ची ओळ शोधली.

जांभळं_झाकण ताई, एकच विचारते. हे आनुवंशिक आहे का? मी आणि भावानं फ्लो सायटोमेट्री करून घ्यावी का?

---

जांभळं_झाकण (२० मार्च, सकाळी ८.१०)

ताई, आई-वडील, भावंडं, मुलं अशा जवळच्या रक्ताच्या नात्यात धोका इतरांपेक्षा काही पटींनी जास्त असतो, हे खरं. तरीही तुमच्यापैकी बहुतेकांना तो कधीच होत नाही, आणि निरोगी मुलांची उगाच तपासणी करा असं कुणी सांगत नाही. समजा तुमच्या रक्तात असा बारीक पुंजका निघालाच, तर त्यावर करायचं काहीच नसतं, काळजी मात्र लागून राहते. एरवी कधी साधं रक्त तपासलंत तर लिम्फोसाइटचा आकडा बघा, तेवढं पुरे.

अण्णांच्या तपासण्या शक्यतो एकाच लॅबमध्ये करा आणि आकडे एका वहीत ओळीनं लिहा: तारीख, पांढऱ्या पेशी, लिम्फोसाइट टक्के, हिमोग्लोबिन, प्लेटलेट, वजन. फ्लो सायटोमेट्री दर वेळी करायला लागत नाही. कुणी दर तीन महिन्यांनी करायला सांगितली तर कशासाठी, ते विचारा.

---

प्रीतिसंगम_कराड (२३ जून, सायंकाळी ६.३०)

तीन महिने झाले म्हणून कळवते. रक्तविकारतज्ज्ञांनी पत्र दिलं, एप्रिलमध्ये दुसऱ्या दवाखान्यात डोळ्याचं ऑपरेशन झालं. न्यूमोनियाची लस घेतली, नागिणीच्या लशीचा पहिला डोस झाला. डॉक्टरांनी फिश करून घेतलं: १३ क्रमांकाची तूट आहे, १७ आणि ११ ठीक.

वही मी करणार होते. अण्णांनी ती माझ्याकडून काढून घेतली. डेपोत गाडीची नोंद लिहायचे तशा पट्टीनं रेघा मारल्यात. पहिल्या ओळीत १४ फेब्रुवारी, ६२,४००, ८४, १२.६, १,७८,०००, वजन ६३. दुसऱ्या ओळीत १९ जून, ६४,८००, ८५, १२.७, १,७१,०००, वजन ६३. शेरा या रकान्यात त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलंय, ‘उजवा डोळा स्वच्छ. पाटी लांबून वाचता येते.’